सोपारा बंदर : त्याची जमीन, पाणी व हवा

नाशिक शहरापासून पांचएक मैलांवर मुंबईच्या सडकेलगत जीं पांडवलेणीं आहेत, तीं आमच्या पुष्कळ वाचकांनीं पाहिलीं असतील. पांडवांशीं त्यांचा कांहीं संबंध नाहीं. तीं बौद्ध भिक्षूंच्या राहण्यासाठीं खोदलेलीं आहेत. त्यांतील दहाव्या लेण्याच्या ओसरीवर एक लांबलचक शिलालेख आहे. क्षत्रप नहपान याचा जांवई उषवदात यानें केलेल्या दानांची ती यादी होय, व तिला आज अठराशें-एकोणीसशें वर्षें होऊन गेलीं. त्या यादींत असें सांगितलें आहे कीं, उषवदातानें चार ठिकाणीं प्रवाशांच्या उतरण्यासाठीं घरें बांधून दिलीं. पहिलें भरुकच्छ, म्हणजे भडोच. दुसरें दशपुर, म्हणजे माळव्यांतील मंदसोर. तिसरें गोवर्धन, म्हणजे गंगापुराजवळचें आपलेंच गोवर्धन. आणि चवथें शोर्पारग. हें शोर्पारग म्हणजेच सोपारा. आज पश्चिम रेल्वेवर नालासोपारा म्हणून जें स्टेशन आहे, त्याच्या पश्चिमेस हा जुना गांव लागतो.

घाटावरच्या माणसास समुद्रकांठच्या एका बुजलेल्या बंदराशीं काय कर्तव्य, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर हें कीं, तें बंदर ज्या गाळानें बुजलें त्यांतील कांहीं गाळ आपल्याच डोंगरांवरून गेलेला आहे. आणि त्या गाळावर आज जी वस्ती झाली आहे तींत आपल्या गांवांतून पोटासाठीं गेलेलीं माणसेंही राहतात. यासाठीं तेथील जमीन, पाणी व हवा यांची ओळख असणें बरें. उपदेशकांना हा धडा रात्रीच्या वर्गांतही शिकवितां येईल.

त्र्यंबकच्या डोंगरांत दोन मोठ्या नद्या उगम पावतात. गोदावरी पूर्वेस वळते आणि नाशिक, पैठण, नांदेड अशी सुमारे ९०० मैल चालत जाऊन बंगालच्या उपसागरास मिळते. दुसरी वैतरणा, ती पश्चिमेची वाट धरिते आणि शंभर मैलांच्या आंतच अरबी समुद्र गांठिते. एकाच डोंगराच्या माथ्यावर पाऊस पडतो. त्यांतला एक थेंब आंध्राच्या किनाऱ्यास जातो, व त्याच्या शेजारचा अर्नाळ्याच्या किल्ल्याजवळ समुद्रांत पडतो. इगतपुरी तालुक्यांतील वाचकांस वैतरणेची ओळख करून देण्याचें कारण नाहीं, कारण १९७३ सालचें ऊर्ध्व वैतरणा धरण त्यांच्याच भागांत आहे. खालीं कोंकणांत तिला पिंजाळ, तानसा व सूर्या ह्या नद्या मिळतात. परंतु ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, गोदावरीचा उतार सौम्य व वैतरणेचा फार खडा आहे. दीड-दोन हजार फुटांची उंची ती एवढ्याशा वाटेंत उतरते. जी नदी धांवत उतरते ती रिकाम्या हातानें उतरत नाहीं. ती माती घेऊन उतरते.

आतां फळ्यावर, फळा नसेल तर अंगणांतील धुळींत, एक उभी रेघ काढावी. ही समुद्राची कड. रेघेच्या डावीकडे समुद्र, उजवीकडे जमीन. वरच्या टोकाशीं वैतरणेचें मुख काढावें. त्याच्या एका अंगास दातिवरें व दुसऱ्या अंगास अर्नाळा. त्याच्या खालीं सुमारे दहा मैलांवर दुसरें मुख काढावें. ही वसईची खाडी. कल्याण व ठाणें यांवरून येणारी उल्हास नदी येथें समुद्रास मिळते. हीं दोन मुखें आंतल्या बाजूनें जोडणारी एक नागमोडी रेघ काढली म्हणजे ती सोपाऱ्याची खाडी झाली. पाहा, चारी बाजूंनीं पाणी आलें! वसई, निर्मळ, आगाशी, विरार, सोपारा हा सगळा प्रदेश पूर्वीं एक बेट होता, आणि सोपारा त्या बेटाच्या आंतल्या अंगास, खाडीच्या कांठीं वसलेला होता. खाडीपलीकडे पूर्वेस तुंगारचा डोंगर सुमारे दोन हजार फूट उंच उभा आहे. त्याच्या मागें एकामागून एक डोंगर चढत जाऊन अखेर सह्याद्रीची भिंत लागते.

बंदर ह्या जागीं कां झालें तें ह्या आकृतीवरून लहान मुलासही कळेल. उघड्या किनाऱ्यावर लाटा नांवेस उभी राहूं देत नाहींत. येथें बेटाच्या आडोशास नांगर टाकावा, तर पाणी शांत. बाहेर पडण्यास एक सोडून दोन वाटा. प्यावयास बेटाच्या वाळूंत गोडें पाणी. नांवांसाठीं लांकूड तुंगारच्या रानांत. आणि घाटावरचा माल खालीं उतरविण्यास थळघाटाची वाट नाशिकाकडून व नाणेघाटाची वाट जुन्नराकडून. नाणेघाटांत सोपाऱ्याच्या गोविंददास नांवाच्या गृहस्थानें दिलेल्या दानाचा लेख आहे, आणि कार्ल्याच्या लेण्यांतील एक खांबही सोपाऱ्याच्या मनुष्यानें दिलेला आहे. ज्या गांवचे लोक दूरच्या घाटांत दानधर्म करितात, त्या गांवचा पैसा कोठून येत असावा हें वेगळें सांगावयास नको.

उषवदाताच्या यादींत आणखी दोन गोष्टी आहेत, व त्या भूगोल शिकणारानें अवश्य लक्षांत घ्याव्या. त्यानें इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा व दाहनुका ह्या नद्यांवर फुकट तरी, म्हणजे नांवेनें पार करण्याची सोय, ठेविली होती. ह्यांपैकीं पार व दमणगंगा ह्या आपल्याच जिल्ह्याच्या डोंगरांतून निघतात. वरच्या बाजूस आपण त्या उडी मारून ओलांडतों. समुद्राजवळ त्यांच्या खाड्या होतात व नांवेवांचून गति नाहीं. म्हणून किनाऱ्यानें उत्तर-दक्षिण चालणाऱ्या वाटसरूस दर दहा-वीस मैलांवर नावाड्याची मिनतवारी करावी लागे. दुसरी गोष्ट नारळांची. नानंगोल गांवचीं बत्तीस हजार नारळीचीं झाडें उषवदातानें साधूंच्या मठांस दिलीं, व त्या मठांत सोपाऱ्याचाही एक होता. नाशिकाच्या आसमंतांत बत्तीस हजार नारळी कोणी पाहिल्या आहेत काय? त्या लेखाची एक ओळ किनाऱ्याची हवा सांगते.

ती हवा कशी आहे तें आतां पाहूं. नाशिक व सोपारा यांत सरळ रेषेनें पाऊणशें मैलांचें अंतर आहे. परंतु नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फूट उंच, आणि सोपाऱ्याच्या भोंवतालची कित्येक जमीन मोठ्या भरतीच्या पाण्याहून हातभरही उंच नाहीं. पौष-माघांत नाशिकास रात्रीचा उष्मा दहा अंश सेल्सिअसच्या आसपास येतो. निफाडाकडे तर कधीं पांच अंशांच्या खालीं उतरतो व द्राक्षांच्या मळ्यांत शेकोट्या पेटवाव्या लागतात. त्याच रात्रीं सोपाऱ्यास सोळा-सतरा अंश असतात, व गोधडीवर भागतें. वैशाखांत उलट. नाशिकाचा पारा अडतीस-चाळीसांवर चढतो, किनाऱ्याचा तेहतिसाच्या आसपास थबकतो. हें ऐकून आपल्याकडचा तरुण म्हणतो कीं, तिकडचा उन्हाळा सुखाचा असेल. तसें नाहीं. हवेंत पाण्याचा अंश इतका असतो कीं घाम वाळत नाहीं, आणि जो घाम वाळत नाहीं तो अंग थंड करीत नाहीं. आपल्याकडे माठांतलें पाणी उन्हाळ्यांत गार होतें. किनाऱ्यावर तोच माठ तितकें गार करीत नाहीं. कारण दोहींचें एकच.

पाणी सावकाश तापतें व सावकाश निवतें. जमीन लवकर तापते व लवकर निवते. सोपाऱ्याची हवा समजण्यास एवढें एक सूत्र पुरें आहे. दिवसा जमिनीवरची हवा तापून वर चढते, व तिच्या जागीं समुद्रावरून गार वारा येतो. रात्रीं तो मंदावतो व पुष्कळदां उलटून जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. कोळी पहांटेच्या वाऱ्यानें शीड उभारून बाहेर जातो व दुपारच्या वाऱ्यानें घरीं येतो, तो ह्याच नियमावर. जें एका दिवसांत लहान प्रमाणावर होतें तेंच वर्षांत मोठ्या प्रमाणावर होतें. उन्हाळ्यांत सारा हिंदुस्थान तापला म्हणजे नैऋत्येकडून समुद्राचा वारा पाणी घेऊन येतो. किनाऱ्यास तो जूनच्या दहा-अकरा तारखेच्या सुमारास पोंचतो. सह्याद्रीची भिंत त्यास अडविते, तो वर चढतो, थंड होतो व ओझें टाकितो. किनाऱ्यावर वर्षाचा पाऊस ८० ते १०० इंच. घाटमाथ्यावर इगतपुरीस १२० इंचांहून अधिक. भिंत ओलांडून नाशिकास आला कीं ३० इंचांच्या आंत. आणि येवल्याकडे वीस इंचांच्या आसपास. (एक इंच म्हणजे सुमारे २५ मिलिमीटर.) येवल्याचा शेतकरी आभाळाकडे पाहत बसतो तेव्हां त्याच्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकास भात वाहून जात असतो, तक्रार दोघांचीही खरी असते.

हा वाराच पूर्वींच्या बंदराचा पंचांगकर्ता होता. पहिल्या शतकांतील एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानें समुद्रप्रवाशांसाठीं एक माहितीपुस्तक लिहिलें आहे. त्यास पेरिप्लस म्हणतात. त्यांत भडोचेच्या दक्षिणेकडील बाजारपेठांत सुप्पारा व कल्लिएना, म्हणजे सोपारा व कल्याण, हीं नांवें आहेत. मिसर देशाच्या बंदरांतून हीं गलबतें जुलईच्या सुमारास निघत, नैऋत्येच्या वाऱ्याच्या पाठबळावर समुद्र ओलांडीत, आणि त्याचा जोर ओसरतां ओसरतां आपल्या किनाऱ्यास लागत. परतण्यास ईशान्येचा वारा पाहिजे, तो हिंवाळ्यांत. मधले महिने परदेशी व्यापारी येथेंच राहत. ऐन पावसाळ्यांत समुद्र बंद. तो आजही आपले कोळी बंदच ठेवितात आणि नारळी पौर्णिमेस उघडितात. नाशिक जिल्ह्यांत जोगळटेंभी येथें १९०६ सालीं नहपानाचीं तेरा हजारांहून अधिक रुप्याचीं नाणीं सांपडलीं. अशा राज्याचें वैभव अशा बंदरांवर उभें होतें, असें मानण्यास हरकत नाहीं.

सोपाऱ्याची प्राचीनता याहूनही मागें जाते. अशोक राजानें इसवी सनापूर्वीं तिसऱ्या शतकांत जे आदेश शिळांवर कोरविले, त्यांतील आठव्याचा तुकडा येथें १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांस मिळाला, व नवव्याचा तुकडा १९५६ सालीं जवळच भुईगांव येथें सांपडला. त्याच १८८२ सालीं पंडितजींनीं बुरूड राजाचा कोट म्हणून ओळखला जाणारा उंचवटा खणविला. तो कोट नसून बौद्धांचा स्तूप निघाला. आंत दगडी पेटी, तींत डब्यांत डबे ठेविलेले, अगदीं आंतल्या सोन्याच्या डबींत मातीच्या भांड्याच्या खापऱ्या, आणि भोंवतीं बुद्धांच्या आठ धातुमूर्ति. पंडितजी भाऊ दाजी यांच्या हाताखालीं तयार झालेले गृहस्थ. ते महाराष्ट्रांतील शिलालेख उतरून घेत फिरले, व नाशिकच्या लेण्यांच्या लेखांवरही त्यांनीं पुष्कळ श्रम केले. आपल्या भागाचा इतिहास वाचण्याजोगा झाला त्यांत त्यांचे उपकार मोठे आहेत.

येथें एका प्रश्नास उत्तर देणें अवश्य आहे, कारण तो उपदेशकांच्या बैठकींत निघतो. शलमोन राजाचीं जहाजें ज्या ओफीर देशांतून सोनें आणीत तो हा सोपारा होय, असें कित्येक विद्वानांनीं लिहिलें आहे. त्यांचा मुख्य आधार हा कीं, जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरांत ओफीराचें नांव सोफीर असें येतें. दुसरे विद्वान ओफीर अरबस्थानांत किंवा आफ्रिकेच्या किनाऱ्यावर दाखवितात. आमच्या मतें नांवाच्या सारखेपणावर एवढी मोठी इमारत उभारूं नये. सोपाऱ्याच्या मातींत सोनें नाहीं, आणि जो शिक्षक वर्गांत अनुमानास सिद्धांताचा पोशाख चढवितो त्याच्या इतर सांगण्यावरचाही विश्वास पुढें उडतो. 'कांहींचें असें मत आहे' एवढें म्हणून पुढें जावें.

असो. आतां हें बंदर बुजलें कसें, तें पाहूं. धड्याचा गाभा तो आहे.

पावसाळ्यांत वैतरणेचें पाणी तांबडें असतें. तो रंग डोंगरांच्या मातीचा. नदी वेगांत आहे तोंपर्यंत माती पाण्यांत तरंगत राहते. परंतु समुद्राजवळ येतांच तिची गांठ भरतीशीं पडते. वसई-मुंबईकडे अमावास्या-पौर्णिमेस भरती व ओहोटी यांच्या पातळींत पंधरा-सोळा फुटांचें अंतर पडतें. एवढी पाण्याची भिंत दिवसांतून दोन वेळां खाडींत शिरते. नदी अडते, पाणी स्तब्ध होतें, आणि स्तब्ध पाण्यांतून गाळ खालीं बसतो. गढूळ पाण्याची घागर रात्रभर ठेविली तर सकाळीं तळाशीं काय दिसतें तें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. नंतर ओहोटी लागते. आंत शिरलेलें सारें पाणी जोरानें बाहेर पडतें, व बसलेल्या गाळाचा मोठा भाग खरवडून समुद्रांत नेतें. म्हणजे भरती-ओहोटी ही खाडीची केरसुणी होय. जोंपर्यंत केरसुणी मोठी व केर थोडा, तोंपर्यंत खाडी खोल राहते.

मनुष्य काय करितो तें पाहा. डोंगरांवर तो झाड तोडितो व राब भाजितो. पहिल्या पावसानें उघडी माती सुटते व केर वाढतो. खालीं खाडीच्या कडेस तिवरांचें रान असतें. त्याच्या मुळ्यांत गाळ अडकतो व हळूहळू जमीन वर येते. ह्या सपाट खारट जमिनीस खाजण म्हणतात. शेतकरी खाजणास मातीचा बांध घालितो, पावसाच्या पाण्यानें दोन-चार वर्षें जमीन धुवून घेतो, व मग तींत खारें भात पिकवितो. किंवा मिठागर काढितो. त्याचें लेंकरूं त्या भातावर वांचतें. त्यास आम्ही दोष देत नाहीं. परंतु प्रत्येक बांधागणिक खाडींत शिरणारें पाणी तितकें कमी झालें. जें आंत आलें नाहीं तें बाहेर तरी काय जाणार? केर वाढला आणि केरसुणी झिजली. शिवाय समुद्राच्या लाटा किनाऱ्याला समांतर वाळूचे उंचवटे घालीत गेल्या, व बेटाचा पश्चिम कांठ पुढें सरकला. हें काम एका पिढीचें नव्हे. शतकेंच्या शतकें तें चाललें होतें, आणि एका मनुष्याच्या आयुष्यांत तें कोणाच्या नजरेंत भरण्याजोगें नव्हतें.

दहाव्या ते बाराव्या शतकांतील अरब भूगोलकार सुबारा नांवानें ह्या शहराचें वर्णन करितात, व तें समुद्रापासून अर्ध्या फर्संगावर, म्हणजे दीड अरबी मैलावर आहे असें सांगतात. अरबी मैल आपल्या मैलाहून किंचित् लांब. आज जुन्या गांवापासून समुद्राची कड सुमारे तीन मैल आहे. त्यांनीं कोठून कोठपर्यंत मोजलें तें कळण्यास मार्ग नसल्यामुळें ह्या आंकड्यांवर फार भार टाकूं नये. तथापि बाराव्या शतकांतही इद्रिसी त्यास गजबजलेली व्यापारपेठ म्हणतो. पुढें १३२१ सालीं ठाण्यास चार फ्रान्सिस्कन साधूंचा वध झाला, तेव्हां त्यांचा सोबती जॉर्डेनस यानें त्यांचीं प्रेतें सोपाऱ्यास नेऊन पुरलीं. ख्रिस्ती लोकांच्या इतिहासांत सोपाऱ्याचें नांव येतें तें असें, पोर्तुगीजांच्या दोनशें वर्षें आधीं.

१५३४ सालीं गुजराथचा सुलतान बहादुरशहा यानें हा मुलूख पोर्तुगीजांस दिला, तेव्हां त्यांनीं आपलें शहर सोपाऱ्यास बांधिलें नाहीं. बेटाच्या दक्षिण टोकास, वसईच्या खाडीच्या तोंडावर बांधिलें. खोल पाणी आतां तेथें होतें. राजे बदलले म्हणून सोपारा पडला असें पुष्कळ समजतात. परंतु आमच्या मतें पाणी आधीं गेलें व राजे पाण्यामागून गेले. १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं वसई घेतली, तेव्हां सोपारा भाताचा व केळीबागांचा एक गांव होता.

गांव मात्र सुंदर. समुद्राकडील वाळूच्या पट्ट्यावर कुपारी ख्रिस्ती, वाडवळ व इतर बागाईत करणाऱ्या लोकांनीं पानवेली, केळी, फुलें व भाजीपाला पिकविला. राजेळी केळीं वाळवून केलेली तिकडची सुकेळी प्रसिद्ध आहे. ह्या बागा कशावर जगल्या? सभोंवतीं खारें पाणी असतां मधल्या विहिरींस गोडें पाणी कसें? वाळूंत मुरलेलें पावसाचें पाणी हलकें, समुद्राचें पाणी मिठामुळें जड. हलकें पाणी जडावर तरंगतें. उपदेशकांनीं वर्गांत हें करून दाखवावें: एका कांचेच्या पेल्यांत मिठाचें दाट पाणी रंग घालून अर्ध्यापर्यंत भरावें, त्यावर चमचा उपडा धरून त्याच्या पाठीवरून साधें पाणी हळूच सोडावें. दोन्ही थर वेगळे दिसतील. मग नळीनें वरचें पाणी सावकाश ओढावें; रंगीत पाणी वर चढूं लागेल. जोरानें ओढिलें तर नळींत रंगीत पाणीच येईल. विहिरीचें तेंच होतें. म्हणून जुन्या लोकांनीं घरांपाठीं बावखलें, म्हणजे लहान तळीं, खोदून ठेविलीं. पावसाचें पाणी त्यांत सांठतें, जमिनींत मुरतें, व गोडा थर पुन्हा भरून निघतो. गेल्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत नव्या इमारतींसाठीं गांवांच्या विहिरींचें पाणी पंपानें उपसून टँकरांनीं नेण्यांत येऊं लागलें, व खाऱ्या पाण्याची भीति उभी राहिली. हरित वसई संरक्षण समिति ह्याच काळांत निघाली, व कॅथलिक धर्मगुरु फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे तिचे पुढारी होते. आपल्या मळ्यांची बाजू घेऊन पाद्री रस्त्यावर उतरला हें कांहींस आवडलें नाहीं, आम्हांस आवडलें.

आतां त्या वस्तीविषयीं. मुंबईंत जागा परवडेनाशी झाली तशी माणसें आगगाडीच्या वाटेनें उत्तरेस सरकलीं. २००९ सालीं वसई-विरार महानगरपालिका झाली. २०११ च्या शिरगणतींत तिच्या हद्दींत बारा लाखांहून अधिक माणसें होतीं. तालुका पूर्वीं ठाणें जिल्ह्यांत होता, तो १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत आहे. वाळूचे उंचवटे बागाईतदारांनीं आधींच धरलेले. तेव्हां स्वस्त जागा कोणती उरली? खाजणांची व जुन्या खाडीच्या कडेची. तेथें भराव घातला, व भरावावर चाळी आणि इमारती उठल्या. उत्तर-दक्षिण जाणारा रेल्वेचा बांध त्या सखल जमिनीच्या मधोमध आहे. तुंगारच्या डोंगरावर पडलेला पाऊस पूर्वीं खाजणांत पसरत असे व ओहोटीची वाट पाहत असे. आतां तो घरांत पसरतो. ९ व १० जुलई २०१८ रोजीं असाच पाऊस झाला. नालासोपाऱ्याचे रूळ बुडाले, गाड्या बंद पडल्या, आणि वसईच्या मिठागरांतील वस्तीभोंवतीं पाणी चढून शेंकडों माणसें अडकलीं. नदी वळून आली नाहीं, समुद्रही रागावला नाहीं. पाणी आपल्या जुन्या जागीं येऊन बसलें.

आपल्या मंडळ्यांतील ज्या घरांतून कोणी तिकडे कामास जाणार असेल, त्यांनीं भाड्याची किंवा विकत खोली ठरविण्यापूर्वीं कांहीं गोष्टी पाहाव्या. खोलीखालची जमीन पूर्वीं भाताची होती, बागेची होती, कीं मिठागराची, हें गांवच्या वृद्धास विचारावें. दलालास विचारूं नये. ओढ्याचें तोंड कोणत्या खाडीस मिळतें व मधें भराव पडला आहे काय तें चालत जाऊन पाहावें. नळाचें पाणी सूर्या नदीच्या योजनेचें आहे कीं टँकरचें, तें विचारावें. आणि कोळ्यांचा भरतीचा हिशेब शिकून घ्यावा; तो तोंडपाठ होण्याजोगा आहे. पक्षाची तिथि घ्यावी व तिची पाऊणपट करावी. साधारण तितके वाजतां पूर्ण भरती येते. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, पौर्णिमेस व अमावास्येस सव्वाअकरा. मग पुन्हा साडेबारा तासांच्या सुमारास दुसरी भरती. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागें दोन-तीन दिवस, दुपारीं किंवा मध्यरात्रीं, मुसळधार पाऊस लागला असेल तर ओहोटी लागेपर्यंत पाणी उतरण्याची आशा करूं नये, व लहान मुलांना घेऊन आधींच वरच्या मजल्यावर जावें.

वृद्ध मनुष्य भेटला नाहीं, तर गल्लींतल्या जुन्या वाण्याच्या दुकानांत शिरावें व त्यानें तांदळाचीं पोतीं जमिनीवर ठेविलीं आहेत कीं फळीवर, आणि ती फळी किती उंच आहे, तें पाहून घ्यावें.